प्रसादाच्या पुडीतलं पाणी

१

श्रावणला वर काढलं तेव्हा त्याच्या मुठीत प्रसादाचं खोबरं तसंच होतं. मूठ सोडवायला दोघं लागले.

नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगलाला खेटून असलेल्या मॅंगनीजच्या खाणीत अठ्ठ्याऐंशी सालच्या खंडेनवमीला हे घडलं. खाणीच्या तळाशी एक हौद होता. झिरपणारं पाणी त्यात उतरायचं आणि पंप ते वर फेकायचा. खंडेनवमीला यंत्राची पूजा. पूजा होईस्तोवर यंत्र बंद, म्हणून पंप थांबवलेला. पाणी सहा फुटांवर गेलं की भोंगा ओरडायचा. तो ओरडला नाही. भोंगा वाजला नाही म्हणजे पाणी कमीच असणार, असं धरून मजूर श्रावण आरती आणि भाषणं आटोपल्यावर कामाला खाली उतरला आणि अंधारात थेट डोक्यावरच्या पाण्यात गेला.

तो वाचला. तुमसरच्या दवाखान्यात पडून होता, छातीत घरघर, अंगात ताप.

भोंगा वाजवणं वर्षभरापासून माणसाच्या हाती नव्हतं. ऑफिसातल्या संगणकात एक प्रोग्राम दर पाच मिनिटांनी हौदाचं पाणी मोजायचा आणि वेळ आली की भोंगा वाजवायचा. खाणीच्या अहवालाप्रमाणे त्या दिवशी अकरा वीसनंतर त्याची एकही नोंद नव्हती. प्रोग्राम मेला होता. तो कुणी मारला, एवढंच ठरवायचं होतं, आणि कागदावर ते आधीच ठरलं होतं.

"ऑपरेटर कुमारी रत्ना हिने कीबोर्ड पुसताना निष्काळजीपणे थांबवण्याची कळ दाबली," मंदानं वाचलं. खाली तिच्या सहीसाठी जागा सोडली होती. नावसुद्धा टाइप करून ठेवलं होतं.

"चार वाजता जीप तुमसरला निघते," खाणीचे मॅनेजर कृष्णराव म्हणाले. पन्नाशी उलटलेला माणूस, पांढरा सफारी, बोलणं मऊ. "पोलिसांत कागद द्यायचाय. पोरीलाही न्यायचंय. तुमची सही झाली की तुम्ही मोकळ्या, बाई. घरी लहान लेकरू आहे म्हणे तुमचं."

संगणक नागपूरच्या ज्या कंपनीनं बसवून दिला, तिथं मंदा शिकवायचं काम करायची. दसऱ्याला माहेरी अड्याळला आली होती, तर आज सकाळी कंपनीची जीप दारात उभी. दहा महिन्यांची बाळी आईच्या कडेवर देऊन ती निघाली तेव्हा पोरगी रडली नव्हती. नुसती बघत राहिली होती, आणि तेच जास्त लागलं होतं.

आता एक वाजला होता.

"सही करते," मंदा म्हणाली. "आधी तिच्याशी बोलू द्या."

चपराशीण जनाबाईनं चहा आणला, आणि बशीत एक पुडी. "पूजेचा परसाद आहे, बाई. नाही म्हणू नका." पुडीच्या कागदाला एका कडेनं बारीक भोकांची ओळ होती. मंदानं ती पुडी बाळीसाठी म्हणून पर्समध्ये टाकली.

संगणकाच्या खोलीत रत्ना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. तिनं वर पाहिलं आणि मंदानं काही विचारायच्या आतच बोलली.

"मीच मारला असंल, मॅडम."

२

सिहोऱ्याची ही पोरगी. घरी धानाची शेती, टायपिंगची परीक्षा पास, वय बावीस. टेबलावर झेंडूची एक वाळलेली माळ पडली होती.

"पंपाची पूजा झाली की मंग इथल्या मशिनीची होणार होती," रत्ना म्हणाली. "म्हणून सव्वाअकराले मी कीबोर्ड पुसत होती. ओला फडका घेऊन. नंतर श्रावणभाऊचं कानावर आलं तशी धावतच गेली खाणीकडे. इथली पूजा राहूनच गेली."

"पुसताना कळ दाबली गेली?"

"मले वाटते नाही दाबली. पण दोन दिवसांपासून समदे सांगून राहिले, दाबली म्हणून. आता मले माझ्याच हातांचा भरोसा नाही राहिला, मॅडम." हात अजून मांड्यांखालीच होते.

"सकाळी प्रोग्राम कसा सुरू करतेस, ते सांग."

"आठले येतो. आधी 'वही' चालू करतो. मंग तिच्यात एकाच हुकमानं दोघं सुरू होतात, पाणी अन् छपाई. पाणी मोजते, छपाई शेवटला आकडा बाहेरच्या प्रिंटरवर छापत राहते."

मंदानं मान डोलावली. 'वही' हा प्रोग्राम तिनंच बसवून दिला होता. तो सुरू केला की संगणकाच्या पोटात एक खोटं टर्मिनल उभं राहायचं. त्याला पडदा नाही, कळा नाहीत. पण आत चालणाऱ्या प्रोग्रामला वाटायचं की आपण खऱ्याच टर्मिनलापुढं बसलोय. रत्नानं दाबलेली कळ आधी वहीच्या हातात पडायची, वही ती खोट्या टर्मिनलात टाकायची, आणि तिथून बाहेर येईल ते सगळं लिहून ठेवायची. थांबवायची कळ म्हणजे कंट्रोल आणि सी. ती दाबली गेली असती तर वहीत तिची खूण उमटली असती: एक टोपीसारखं चिन्ह आणि पुढं सी.

मंदानं खंडेनवमीची वही उघडली. सकाळचे आठ, सुरू करायचा हुकूम. त्याखाली काही नाही. टोपी नाही, सी नाही.

"खूण नाहीये, रत्ना."

पोरीनं श्वास सोडला. तेवढ्यात दारातून मऊ आवाज आला.

"वही तिच्याच नावावर आहे ना, बाई?" कृष्णराव केव्हापासून उभे होते कोण जाणे. "दोन दिवस ही पोरगी इथंच बसून आहे. तिनं त्या वहीतलं काय पुसलं असेल, हे तुम्ही मला सांगायला हवं."

खरं होतं. वही तिला बदलता येत होती.

"प्रिंटरवरचा कागद?" मंदानं विचारलं. "त्यावर कुणाला काही पुसता येत नाही."

"दसऱ्याची साफसफाई झाली. टोपलीतले कागद जाळले." कृष्णरावांनी घड्याळ पाहिलं. "पावणेदोन झालेत."

३

मागच्या ओसरीवर मंदा भिंतीला पाठ लावून बसली. छाती दगडासारखी झाली होती. बाळीची दूध प्यायची वेळ टळून गेली होती. आता आईनं तिला वाटीनं पाजायचा घाट घातला असेल, आणि तिनं सगळं थुंकून आजीचं लुगडं भिजवलं असेल. मंदाला हसू आलं आणि डोळेही भरले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिनं पर्समधली पुडी काढली, साखरेचे दोन चिरंजीदाणे तोंडात टाकले, कागद सरळ केला.

११:३० ४.२
११:३५ ४.२
११:४० ४.२

घास तोंडातच राहिला.

"जनाबाई," तिनं हाक मारली. "हा कागद कुठला?"

नळाशी भांडी घासत बसलेल्या जनाबाईनं मान वळवली. "प्रिंटरच्या टोपलीतला. खंडेनवमीले दुपारी मीच काढला. पुड्या बांधाले मंग कायले आणू, बनारसी शालू?"

"म्हणजे प्रिंटर साडेअकरानंतरही चालू होता?"

"चालूच होता ना जी. संध्याकाळपर्यंत टरटर टरटर. श्रावणले दवाखान्यात नेलं तरी याचं आपलं चालूच. मीच म्हटलं, मेल्या, तुले काही आहे का नाही."

मंदा कागदाकडं बघत राहिली. पाण्याचा आकडा हलत नव्हता, म्हणजे मोजणारा गप्प झाला होता. पण छापणारा जिवंत होता. दोघं एकाच हुकमानं सुरू झालेले, एकाच खोट्या टर्मिनलावर बसलेले.

तिला घरची सकाळ आठवली. दारातून "उठा" म्हणून हाक मारली की एकाला म्हणून उठवता येत नाही. नवरा उठतो, सासू उठते, बाळी उठून रडायला लागते. कंट्रोल-सीची कळ म्हणजे तशी दारातली हाक. खोट्या टर्मिनलावर जेवढे म्हणून पुढं बसलेले असतात तेवढ्या सगळ्यांना ती एकदमच लागते. रत्नाच्या बोटानं ती कळ दाबली गेली असती तर पाणी गेलं असतं आणि छपाईही गेली असती. प्रिंटर त्या क्षणी मुका झाला असता.

तो मुका झाला नव्हता. म्हणजे दारातून हाक गेलीच नव्हती. कुणीतरी आत येऊन एकाच्याच खांद्याला हात लावला होता. संगणकात प्रत्येक प्रोग्रामला नंबर असतो. त्या नंबरावर हुकूम धाडला की तो त्या एकालाच लागतो. असं पुसता पुसता होत नाही. ते जाणूनबुजून करावं लागतं.

"जनाबाई, अशा किती पुड्या वाटल्या तुम्ही?"

"चाळीसेक."

"ते कागद मिळतील?"

जनाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "परसादाचा कागद कोणी उकिरड्यावर टाकते का, बाई? पायाखाली येते. समद्यायनं देवापाशी ठेवले असतील, एकादशीले बावनथडीच्या पाण्यात शिरवाले. आणतो मी. पण वापस करा लागंल."

"करीन."

पायरीवर तिनं वळून पाहिलं. "बाई, एक विचारू? तुम्ही समदे म्हणता भोंगा वाजलाच नाही. वाजला ना जी. श्रावणले वर काढल्यावर. तिकडच्या गोंधळात कोणाले ऐकू आला नसंल. मी इथंच ताटं धुऊन राहिली होती. एकदाच वाजला, अर्धा, अन् कोणी गळा दाबल्यावाणी बंद पडला."

४

तीनला वीस मिनिटं कमी असताना जनाबाई ओटीत कागद भरून आली. कुणावर हळद, कुणावर गुळाचा चिकटा, एकावर कापराचा वास. सोबत पंपाचा फोरमन बाबूलाल होता. स्वतःचा कागद त्यानं स्वतः आणला, टोपीत ठेवून.

मंदा आणि रत्नानं ते ओसरीवर वेळेच्या क्रमानं मांडले. रत्नाचे हात पहिल्यांदा बाहेर आले होते. मधे मधे पोकळी होती, पण रांग लागत गेली. बारा, ४.२. साडेबारा, ४.२. बारा पन्नास, ४.२. मग बाबूलालच्या टोपीतला कागद.

१२:५५ ९.१
१:०० ९.१

"हे कसं?" रत्ना म्हणाली. "अकरा वीसले मेला, अन् बारा पंचावन्नले पाणी मोजलं?"

"मेलेला मोजत नाही," मंदा म्हणाली. "मेलेला भोंगाही वाजवत नाही. तो मेला नव्हता, रत्ना. झोपवला होता."

बाबूलालनं भुवया वर केल्या. "मशिनीले झोपवता येते?"

"येतं. त्याच्या नंबरावर 'थांब' असा इशारा पाठवायचा. जिथं असेल तिथं तो गोठतो. मग 'चल' असा इशारा पाठवला की तिथूनच पुढं सुरू. अकरा वीसला कुणीतरी झोपवला, बारा पंचावन्नला उठवला. उठल्याबरोबर त्यानं पाणी मोजलं, नऊ फूट दिसलं, भोंगा ओरडायला लागला." ती थांबली. "आणि मग मारला."

खाली कुठंतरी पंप चालू होता, त्याची धडधड जमिनीतून पायाला लागत होती.

"हे नंबर कुणाला ठाऊक असतात?"

"मीच लिहितो रोज," रत्ना म्हणाली. "घनश्यामभाऊच्या केबिनीत फळ्यावर. भाऊले लागते." आणि मग आवाज खाली गेला. "पण दुसऱ्याच्या नावचा प्रोग्राम झोपवाले मालकीचा पासवर्ड लागते, मॅडम. तो भाऊजवळच आहे."

"घनश्याम त्या दिवशी पूजेत होता?"

रत्नानं बाबूलालकडं पाहिलं, बाबूलालनं टोपीकडं.

"नव्हता," बाबूलाल म्हणाला. "पूर्ण पूजेत कोठीच नव्हता."

५

घनश्याम केबिनबाहेर उभा होता. इंजिनीअर, तिशीचा, डोक्याचे केस भादरलेले. संगणकाचा सगळा कारभार त्याच्याकडं.

"आजा वारला माझा, दसऱ्याच्या आठ दिवस आधी," तो म्हणाला. "सुतकात पूजेले कसा जाऊ? तिकडे निंबाखाली बसलो होतो, एकटा."

"कुणी पाहिलं?"

"निंबानं."

"केबिन उघडी होती?"

"उघडी होती. अन् मी मालकीच्या पासवर्डानं मशिनीत शिरलेलाच होतो. बंद न करता उठलो. हे मी सायबांना सांगितलं नाही, बाई. माझी नोकरी अजून पक्की नाही. रत्नाचं नाव निघालं तवा मी गप्प बसलो." खाली बघतच तो बोलला. "त्याच दिवशी केबिनला कुलूप लागलं. तेव्हापासून मीही आत गेलो नाही."

मंदाला त्याचा राग आला. एक पोरगी हातांवर बसून दोन दिवस काढते आणि हा इथं केस भादरून उभा. पण राग म्हणजे पुरावा नव्हे. तिनं ऑफिसातून किल्ली मागवली. सव्वातीन झाले होते.

आत फळ्यावर रत्नाच्या अक्षरात खंडेनवमीचे नंबर तसेच होते: पाणी २०७, छपाई २०८. त्याच संगणकाच्या दुसऱ्या टर्मिनलाच्या बाजूला एक कार्ड चिकटवलेलं. रत्नाला शिकवायला म्हणून घनश्यामनं त्यावर 'किल'नं सुरू होणारे तीन इंग्रजी हुकूम लिहून ठेवले होते, पुढं मराठीत अर्थ: झोपव, उठव, मारून टाक. वाचता येणारा कुणीही ते करू शकत होता.

तिनं कीबोर्डवर साचलेली धूळ फुंकली. आणि वाकलेली तशीच राहिली.

काही कळांवर लाल डाग होते. के, आय आणि एल या तिन्हींवर सगळ्यात गडद. सी, ओ, एन, टी. मधली आडवी रेघ. दोन, शून्य, सात. आणि नऊ, अगदी फिकट. शेजारची आठाची कळ लख्ख होती. सगळ्या कळा एकाच बोटानं, शोधून शोधून दाबल्यासारख्या. मंदानं एका कळेवर ओलं बोट लावून नाकाशी नेलं.

कुंकू.

तिनं कार्डावरची दुसरी ओळ पाहिली, उठव. मग तिसरी, मारून टाक. दोन्हींची अक्षरं आणि आकडे तिथंच होते, कीबोर्डवर, लाल.

"घनश्यामभाऊ, तुम्ही कुंकवाला हात लावला होता?"

"सुतकात?" त्याला प्रश्नाचीच शिसारी आली. "टिळाही लावून घेतला नाही मी."

"रत्ना?"

"मी पूजेले गेलीच नाही, मॅडम. अन् इथली पूजा झालीच नाही. कुंकवाचा करंडा उघडलाच नाही, बघा." खिडकीत करंडा होता, वरचा दोरा न सुटलेला.

मंदानं बाबूलालकडं पाहिलं. "पंपाच्या पूजेत कुंकवाचं ताट कुणाच्या हातात होतं?"

"यजमानाच्या. सायेबच यजमान. समद्यायले टिळे त्यायनंच लावले." आता बाबूलाल हळू हळू बोलत होता; बोलता बोलता त्याच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. "मागच्या खंडेनवमीले मंत्र चालू असताना भोंगा बोंबलला होता. पाव्हणे हसले होते. म्हणून यंदा पंप बंद करताना मी म्हटलं, सायेब, पुन्हा बोंबलंल. तर सायेब म्हणले, बाबूलाल, यंदा नाही वाजणार. मले वाटलं पाणी कमी असंल." त्यानं टोपी काढली. "श्रावणले मीच सांगितलं, बाई. जा, भोंगा नाही वाजला, काही भेव नाही."

बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

६

कृष्णराव केबिनीत आले तेव्हा हातात टाइप केलेला कागद आणि पेन होतं. "पावणेचार, बाई."

मंदानं त्यांना खुर्ची दिली, कीबोर्डासमोरची. ते बसले. पेन पुढं करताना त्यांची नजर खाली गेली आणि तिथंच अडकली.

"कुंकू आहे," मंदा म्हणाली.

"दसरा आहे. कुणाच्याही हाताला असेल."

"सगळ्यांच्या कपाळाला होतं, साहेब. बोटांना एकाच्याच होतं." मग तिनं सांगत नेलं, आवाज न चढवता. रत्नाच्या कळेनं दोघंही मेले असते आणि प्रिंटर गप्प झाला असता. चाळीस घरांतल्या देवांपुढं ठेवलेले कागद काय म्हणतात. बारा पंचावन्नला पाणी कसं मोजलं गेलं. बाबूलालला ते काय म्हणाले होते. "अकरा वीसला तुमचे हात कोरडे होते, म्हणून झोपवल्याची खूण राहिली नाही. बारा पंचावन्नला तुम्ही सगळ्यांना टिळे लावून आला होता."

कृष्णरावांनी उजवा हात उलटा करून पाहिला, जणू अजून त्यावर काही असेल.

"वीस मिनिटं," ते म्हणाले. "पूजा वीस मिनिटांचीच होती. मग पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि बाबूलाल माझ्या इशाऱ्याची वाट बघत राहिला. पंप माझ्या डोक्यातूनच गेला. श्रावणचं कळलं तसा दवाखान्याला फोन केला आणि इथं धावत आलो, याला उठवायला."

"उठवलंत."

"हो."

"मग मारलंत का?"

जनाबाई दारात येऊन उभी होती, तिच्या मागं रत्ना.

"भोंगा ओरडायला लागला," कृष्णराव म्हणाले. "सगळे विचारणार होते, आत्ता का ओरडतोय. तासभर कुठं होता. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत माझी, बाई. प्रोग्राम मेलेलाच असता तर कुणी विचारलं नसतं."

"आणि ही?" मंदानं रत्नाकडं बोट केलं नाही, फक्त बाजूला सरकली. "हिला विचारलं असतं. आयुष्यभर."

रत्ना आणि ते एकमेकांसमोर आले. कृष्णरावांनी मान खाली घातली.

मंदानं त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि टाइप केलेला कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसली. झोपवल्याचं लिहिलं, पाहुण्यांच्या भाषणाचंही लिहिलं, कारण ते खरं होतं. मग उघड्या राहिलेल्या केबिनीचं आणि घनश्यामच्या गप्प बसण्याचं. शेवटी, बारा पंचावन्नला जिवंत प्रोग्राम कुणी मारला, ते. चार वाजता कृष्णरावांनी तो वाचला आणि खाली स्वतः सही केली. जीपमध्ये ते पुढच्या सीटवर बसले नाहीत. मागं बसले. "आधी दवाखान्यात थांब," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं.

मंदाला न्यायची जीप निघायला अजून दहा मिनिटं होती. ती संगणकाच्या खोलीत गेली. रत्ना खुर्चीवर, हात पुन्हा मांड्यांखाली.

"सुरू कर," मंदा म्हणाली.

"भाऊले करू द्या, मॅडम."

"तू कर."

रत्नानं वही सुरू केली, वहीत दोघांना सुरू केलं. बाहेर प्रिंटर टरटरला. ३.८.

"आता थांबवायची कळ दाब."

रत्नाचा चेहरा उतरला. "नको जी."

"बाबूलाल हौदावर उभा आहे, पंप चालू आहे. दाब."

पोरीनं डोळे मिटले आणि दोन बोटं खाली आणली. पडद्यावर टोपी आणि सी उमटलं. बाहेरचा प्रिंटर अर्ध्या ओळीतच थांबला. खोलीत इतकी शांतता झाली की नळाखाली जनाबाईनं ठेवलेल्या बादलीत पडणारे थेंब ऐकू येऊ लागले.

"ऐक," मंदा म्हणाली. "तुझ्या हातानं मारलं असतं तर त्या दिवशी असं झालं असतं. संध्याकाळपर्यंत जनाबाई कुणाला मेल्या म्हणत होती?"

रत्ना ऐकत राहिली. मग दोन्ही तळवे समोर धरून तिनं ते उलटसुलट पाहिले, जणू हरवलेले परत मिळाले असावेत, आणि त्यांतच तोंड लपवून रडली. मंदानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं रत्नानं नाक पुसलं आणि न सांगता दोघांना पुन्हा सुरू केलं. ३.८. पाच मिनिटांनी ३.७.

जीपपाशी जनाबाई आडवी आली. "माझे कागद?"

"ते मघाच्या जीपनं पोलिसांकडं गेले, जनाबाई. पुरावा आहे तो. खटला संपला की मिळतील."

"अन् एकादशीले मी बावनथडीत काय शिरवू? चाळीस घरं विचारतील." तिनं डोळे बारीक केले. "त्या पोलिसाले सांगा, फाइल जमिनीवर ठेवू नका म्हणा. पाय लागते."

"सांगते."

"अन् हे घ्या." नवी पुडी होती, साध्या वर्तमानपत्राची. "ती तुम्हीच खाल्ली. लेकराले काय नेता?"

मंदानं पुडी पदराच्या गाठीत बांधली. जीप निघाली. वळणापर्यंत प्रिंटर ऐकू येत होता, आणि तोवर ती ऐकत राहिली.